खाट, डबी आणि सुई

१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. त्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयात दरवर्षी निबंधस्पर्धा होते. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम माझ्याकडे आहे आणि मराठीही मीच शिकवतो. त्यामुळे निबंध तपासण्याचे काम ओघानेच माझ्याकडे येते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवरून, कातकरी वाड्यांवरून आणि आपल्या बौद्धवस्त्यांमधून येणारी ही मुले. बहुतेकांच्या घरात त्यांच्याआधी महाविद्यालयाची पायरी कुणी चढलेले नाही. माझ्याही घरात चढलेले नव्हते. चाळीस-पन्नास निबंध येतात आणि सारे एकाच साच्यातले असतात. 'एड्सवर औषध नाही, खबरदारी हाच उपाय' या वाक्याने सुरुवात आणि 'चला, एड्समुक्त भारत घडवू या' या वाक्याने शेवट.

काही वर्षांपूर्वी एक निबंध वेगळा आला. जेमतेम दीड पानाचा, शुद्धलेखनाच्या चुकांनी भरलेला. त्याच्या शेवटी असे लिहिले होते : 'औषध आहे सर, फुकट आहे. पण ते ठेवायचं कुठं? डबी वाजते.' मी त्या निबंधाला बक्षीस दिले नाही. 'विषय सोडून लिहिले आहे' असा शेरा लाल शाईने मारला आणि गठ्ठा बांधून ठेवला.

तो शेरा चुकीचा होता. त्या पन्नासांत विषयाला धरून लिहिलेला निबंध तेवढा एकच होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शेऱ्याची दुरुस्ती आहे, असे वाचकांनी समजावे.

आपल्या चळवळीतील समीक्षेने कविता वाचल्या, आत्मकथने वाचली, प्रस्थापितांच्या वाङ्मयाचीही झाडाझडती घेतली. पण ज्या मजकुरावर आपल्या माणसांचे जगणे-मरणे ठरते तो मजकूर, म्हणजे कायद्याचे कलम, शासन निर्णय, विमायोजनेची पुस्तिका, आपण समीक्षकाच्या नजरेने वाचत नाही. तो वकिलांचा नि कारकुनांचा प्रांत आहे, असे आपण परस्पर मानून टाकले आहे. एच.आय.व्ही.वरच्या इंजेक्शनचा खर्च सार्वजनिक आरोग्यविम्याने सोसावा काय, हा प्रश्न वरवर पाहता असाच कारकुनी वाटतो. तो तसा नाही, हे मला येथे मांडायचे आहे.

२

प्रथम मिळाले आहे त्याची नोंद घेऊ. भारतात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईला, तेव्हाच्या मद्रासला झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. तेव्हा उपचार म्हणजे फक्त धीर देणे होते. पुढे औषधे निघाली, पण वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर हा त्यांचा भाव होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच तिहेरी औषधयोजना वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात देऊ केली आणि आफ्रिकेपर्यंत तिचा पडसाद उमटला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक आठ केंद्रांवर मोफत औषध सुरू केले. २०१७ पासून, लागण आढळली की पेशी किती उरल्या आहेत याची वाट न पाहता, लगेच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. तीत तीन औषधे असतात. ती नियमाने घेतली आणि रक्तातील विषाणू मोजमापाच्या खाली गेला, की त्या माणसाकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे सारे सरकारी तिजोरीतून होते आणि त्यामागे रुग्णांच्या संघटनांचा वर्षानुवर्षांचा झगडा आहे. ही गोष्ट क्षुल्लक नाही. 'सरकार काहीच करत नाही' ही सोपी घोषणा येथे खोटी ठरते आणि खोट्या घोषणेने चळवळ दुबळी होते.

मग प्रश्न कुठे उरतो? तो त्या विद्यार्थ्याने विचारला आहे. डबी ठेवायची कुठे?

शहरातल्या चार खोल्यांच्या घरात या प्रश्नाला अर्थ नाही. तिथे कपाट असते, कपाटाला कुलूप असते, आपल्या खोलीचे दार लावून घेता येते. आमच्याकडे घर म्हणजे एक खोली, फार तर पुढे पडवी. मांडणीवरची भांडी, कोनाड्यातली कंगवा-तेलाची बाटली, खुंटीवरचे कपडे, सगळे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दिवाळी सरली की भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांचे घर तर आणखी लहान होते. विटा रचून वर गवत-ताडपत्री टाकलेले खोपटे, शेजारी तसेच दुसरे खोपटे, मध्ये भिंत नावापुरती. सामान एका गाठोड्यात मावते आणि ते गाठोडे घरातला कुणीही सोडतो. तिथे रोज एकाच वेळी डबी काढून गोळी घेणारी सून किती दिवस लपणार? 'कसली गोळी गं रोज रोज?' या सासूच्या प्रश्नाला ती आज 'रक्त वाढायची' म्हणते, उद्या 'थायरॉईडची' म्हणते. परवा उत्तर संपते. त्या दिवसापासून गोळी चुकायला लागते. गोळ्या चुकल्या की विषाणू औषधाला सरावतो आणि गोळी निकामी होते. आरोग्यखाते मग तिच्या कार्डावर 'अनियमित रुग्ण' असे लिहिते. अनियमित काय होते? बाई, की तिचे घर?

३

या पार्श्वभूमीवर इंजेक्शनचा विचार केला पाहिजे. कॅबोटेग्रॅव्हिर आणि रिल्पिव्हिरिन या दोन औषधांची जोडसुई अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये मान्य झाली. प्रथम दर महिन्याला, नंतर दर दोन महिन्यांनी कमरेखाली दोन सुया घ्यायच्या. रोजची गोळी बंद. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२२ पासून ती तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने स्वीकारली. युगांडा, केनिया आणि दक्षिण आफ्रिका येथे साध्या सरकारी केंद्रांवर ती देऊन पाहण्यात आली आणि गोळीच्या तोडीस तोड ठरली. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, गोळ्यांनी ज्यांचा विषाणू आटोक्यात आला आहे अशा प्रौढांसाठी या सुईचा पर्याय मान्य केला. लेनाकॅपाविर हे दुसरे औषध वर्षातून फक्त दोनदा घ्यायचे असते. लागण होऊच नये म्हणून ते देण्यास अमेरिकेने जून २०२५ मध्ये मान्यता दिली. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील तरुण मुलींवर झालेल्या त्याच्या चाचणीत, ते घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही.

या औषधांविषयी लिहिताना वृत्तपत्रे एक शब्द वापरतात : 'सोय'. रोज गोळी घेण्याच्या कटकटीतून सुटका, प्रवासात सोय, कामाच्या धकाधकीत सोय. माझा आक्षेप या शब्दाला आहे. ज्याच्याकडे कपाट आहे त्याच्यासाठी सुई ही सोय असेल. ज्याच्याकडे कोनाडासुद्धा नाही त्याच्यासाठी ती सोय नव्हे. ती खोली आहे, ते दार आहे. अंगात शिरलेले औषध सासूला सापडत नाही, मुकादमाला सापडत नाही, गाठोड्यात वाजत नाही. म्हणजे ज्यांना परवडते त्यांना जिची गरज कमी, आणि ज्यांना गरज आहे त्यांना जी परवडत नाही, अशी ही वस्तू आहे. आणि 'सोय' हा शब्द एकदा चिकटला, की तिचा खर्च सरकारने का करावा, असा प्रश्न विचारायला वाट मोकळी होते. चैनीचा खर्च तिजोरीने का सोसावा? मराठीच्या अध्यापकाने लक्ष द्यावे असे काही या औषधशास्त्रात असेल, तर ते या शब्दाचे राजकारण आहे.

४

आता विम्याचा मजकूर वाचू. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ च्या अखेरीस ती राज्यभर पोचली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ पासून आली आणि पुढे दोन्ही एकत्र चालू लागल्या. २०२३ मध्ये कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना सामावून घेण्याचा निर्णय झाला. आकडे मोठे आहेत आणि हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, अपघात यांत या योजनेने अनेक घरे सावकाराच्या तावडीतून वाचवली आहेत, हेही खरे.

पण या योजनेचे व्याकरण पाहा. तिचा कर्ता 'दाखल झालेला रुग्ण' हा आहे. खाटेवर पडल्याखेरीज तुम्ही या वाक्यात येतच नाही. तालुक्याच्या दवाखान्यात बाहेरच्या बाहेर तपासून औषध घेऊन जाणारा माणूस तिच्या लेखी आजारी नाही. क्षयाने फुप्फुस भरले, मेंदूला सूज आली, माणूस झोळीतून आणावा लागला, की विमा जागा होतो. तो माणूस झोळीत पडू नये म्हणून दोन महिन्यांतून एकदा टोचायच्या सुईला मात्र त्यात खाट नाही. आजार पिकू द्यायचा आणि मग खर्च करायचा, अशी ही रचना. शेतकऱ्याने आसूड उगारावा असे सांगणाऱ्या जोतिरावांचे नाव ज्या योजनेला दिले, तिने तरी हा उलटा हिशेब मांडायला नको होता.

'इन्शुरन्स म्हणजे तसेच असते' असे उत्तर मिळेल. ते बरोबर नाही. डायलिसिसचा रुग्ण सकाळी येतो, संध्याकाळी घरी जातो. केमोथेरपी घेणाराही पुष्कळदा त्याच दिवशी परततो. या दोन्ही गोष्टींचा खर्च हीच योजना देते. म्हणजे खाटेचा नियम दगडावरची रेघ नव्हे. ज्यांच्यासाठी तो वाकवायचा ठरले त्यांच्यासाठी तो वाकला. सुईसाठी तो वाकलेला नाही.

विम्याबाहेरचा दुसरा मजकूर म्हणजे एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. नोकरी, शिक्षण, उपचार, घर यांत भेदभाव करायला या कायद्याने बंदी केली. हा कायदा मोलाचा आहे. पण उपचाराच्या चौदाव्या कलमात शासनाने औषधोपचार 'शक्यतो' पुरवावेत अशा अर्थाची शब्दयोजना आहे. हा एक शब्द काढला तर ते कलम हक्क होते. ठेवला तर ते औदार्य होते. विम्याबाबतही असेच. एके काळी खाजगी आरोग्यविम्याच्या कागदावर एच.आय.व्ही. हा वगळलेल्या आजारांच्या यादीत सरळ छापलेला असे. नव्या कायद्याने विमा नाकारण्यास मनाई केली. मात्र विमागणिताचा आधार असेल तर वेगळी वागणूक चालेल, अशी फटही ठेवली. पूर्वी शास्त्राचा आधार दाखवून माणसाला बाहेर ठेवीत. गणिताचा आधार दाखवून ठेवले तरी बाहेरचा माणूस बाहेरच राहतो.

परिणामी ही सुई दोन घरांच्या मध्ये उभी आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाचे घर गोळीभोवती बांधलेले आहे आणि विम्याचे घर खाटेभोवती. सुई दोन्ही दारांतून परत फिरते.

५

मग विम्यात सुई घाला, एवढी मागणी करून आपण थांबायचे काय? माझ्या मते नाही. येथे एक पेच आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे.

विमा नाव मागतो. शिधापत्रिका, आधार, आजाराचे निदान, फोटो, मंजुरी. योजनेचे टेबल रुग्णालयाच्या दर्शनी भागात असते. तिथला माणूस तालुक्यातलाच असतो. कागद पुढे अनेक हातांतून जातो. ज्या सुईचे सारे मोल तिच्या गुप्ततेत आहे, ती मिळवण्यासाठी आधी टेबलावर आजाराचे नाव उच्चारावे लागणार असेल, तर आपण डबी घरातून उचलून चव्हाट्यावर ठेवली असे होईल. हे काल्पनिक नाही. एस.टी.च्या साध्या गाडीत एच.आय.व्ही.बाधितांना प्रवाससवलत आहे. पण मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या गाडीत कंडक्टरला ते कार्ड दाखवायचे म्हणजे मागच्या तीन बाकांना सांगायचे. माझ्या माहितीतील एक गृहस्थ खिशात कार्ड असूनही पूर्ण तिकीट काढतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या यादीत क्षय, कर्करोग, कुष्ठरोग यांच्याबरोबर एड्सही आहे. पण त्यासाठी गावच्या तलाठ्यापासून तहसीलपर्यंत कागद फिरवायचा. हक्क कागदावर आहे आणि त्याची किंमत नाव ही आहे.

येथे आपल्या साहित्याशी गाठ पडते. दलित आत्मकथनाची सारी ताकद नाव सांगण्यात होती. १९७८ साली 'बलुतं' आले, १९८० मध्ये 'उपरा', १९८६ मध्ये 'जिणं आमुचं'. जे लपवायला शिकवले होते ते या लेखकांनी आणि लेखिकांनी भर बाजारात उघडे केले आणि लाज समाजाच्या तोंडावर फेकली. ही परंपरा आपल्याला अभिमानाची आहे. म्हणूनच कार्यकर्ते एच.आय.व्ही.विषयी बोलताना सहज म्हणतात, 'ही नवी अस्पृश्यता आहे. उघडपणे सांगा, भिऊ नका.' हे वाक्य मला ढिलाईचे वाटते. अस्पृश्यता जन्माने लादली गेली. ती आडनावात होती, वस्तीच्या दिशेत होती, गावाला आधीच ठाऊक होती. ती लपवता येत नव्हती, म्हणून ती उघड करण्यात विद्रोह होता आणि त्या विद्रोहामागे सारी वस्ती उभी होती. हा आजार एकट्याचा आहे. तो उघड झाला तर पाठीशी वस्ती उभी राहीलच अशी खात्री नाही; उलट पहिले दार वस्तीतलेच बंद होते. आपल्या वस्तीत हळदीच्या जेवणात कुणाचे ताट वेगळे वाढले गेले, ते मी लहानपणी पाहिले आहे. वाढणारे हात सवर्णांचे नव्हते. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण आत्मटीकेशिवाय चळवळीला अर्थ नाही.

या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा एक निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. सार्वजनिक क्षेत्रातील एका कंपनीत हंगामी मजूर असलेल्या माणसाला, तपासणीत एच.आय.व्ही. आढळला म्हणून कायम करण्यास नकार मिळाला. तो कोर्टात गेला. कोर्टाने त्याला 'एम.एक्स.' या सांकेतिक नावाने दाद मागू दिली आणि काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. एका मजुराने निनावी राहून देशातल्या असंख्य मजुरांसाठी हक्क मिळवला. नाव सांगणे हा विद्रोह असतो, तसे नाव न सांगता हक्क घेणे हाही विद्रोह असू शकतो. आपल्या समीक्षेने ही दुसरी शक्यता अजून ओळखलेली नाही. म्हणूनच १९७२ च्या 'गोलपिठा'ने कामाठीपुऱ्याचे जग मराठी कवितेत आणल्यानंतरही, पुढच्या काळात त्याच गल्ल्यांतून आणि सीमाभागातील देवदासींच्या वस्त्यांतून हा आजार माणसे नेत असताना, त्यावर आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले. जे 'मी' म्हणून सांगता येत नाही ते कसे लिहावे, याची वाट आपण शोधलीच नाही.

६

विम्याचा विचार आपल्याला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याने १९४३ मध्ये प्रा. अडारकरांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितले. १९४४ मध्ये अहवाल आला आणि त्याच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. या विम्यात खाटेची अट नव्हती. कामगार आणि त्याचे कुटुंब दवाखान्यात जाऊन साधे औषधही घेऊ शकत होते, आजही घेऊ शकते. वर आजारपणातल्या बुडालेल्या रोजाची भरपाई. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर बाबासाहेबांनी विमा ही शासनाची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या मानाने जीवनविमा सक्तीचा असावा, असे सुचवले. त्यांच्या दृष्टीने विमा हा धंदा नव्हता. एकट्या माणसावर कोसळणारे संकट साऱ्या समाजाच्या खांद्यावर वाटून घेण्याची ती पद्धत होती.

आमच्याच भागात पाहा. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत ज्याच्या पगारातून विम्याचा हप्ता कापला जातो, त्या कामगाराला बाबासाहेबांच्या काळातल्या त्या विचाराचा थोडा तरी लाभ मिळतो. तिथून काही कोसांवर वीटभट्टीत उचल घेऊन, आठवड्याच्या खावटीवर राबणाऱ्या जोडप्याचे नाव कुठल्याच वहीत नसते. असलेच तर मुकादमाच्या. त्यांच्यासाठी आहे ती खाटेची योजना. एकाच तालुक्यात आजारपणाचे दोन वर्ण झाले आहेत : एकाला रोजचे औषध, दुसऱ्याला शेवटची खाट.

७

आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप वैद्यकीय आहे आणि तो खरा आहे. क्षयाचे रिफॅम्पिसिन चालू असताना ही जोडसुई देता येत नाही. काविळीच्या 'बी' विषाणूची बाधा असेल तर गोळीच बरी, कारण गोळीतली औषधे त्यालाही आवर घालतात, सुई घालत नाही. रिल्पिव्हिरिनची कुपी थंड ठेवावी लागते. नेमलेल्या तारखेच्या आगेमागे आठवडाभरातच सुई पडली पाहिजे. वीटभट्टीवर क्षय भरपूर आहे. म्हणजे गोळीला रजा देता येणार नाही. मी 'सर्वांना सुई' म्हणत नाही. गोळी की सुई हे डॉक्टर आणि रुग्ण यांनी ठरवावे, रुग्णाच्या दारिद्र्याने ठरवू नये, एवढेच म्हणतो.

दुसरी गोष्ट आमच्या बाजूचेही विसरतात. स्थिर रुग्णाला आज काही वेळा दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. सुई जर फक्त ठाण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात मिळणार असेल, तर कसाऱ्याच्या किंवा टोकावड्याच्या माणसाला ती गोळीपेक्षा महाग पडेल. दर दोन महिन्यांनी एक रोज बुडेल. सुई शहापूर-मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात, लसीच्या शीतपेटीशेजारच्या पेटीतून, परिचारिकेच्या हाताने मिळाली तरच तिला अर्थ आहे.

तिसरा आक्षेप पैशांचा. अमेरिकेत लेनाकॅपाविरची किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर, म्हणजे २४ लाख रुपयांच्या आसपास जाहीर झाली. हे ऐकून कुणीही गप्प बसेल. पण सप्टेंबर २०२५ मध्ये, याच औषधाची जेनेरिक सुई २०२७ पासून १२० देशांसाठी वर्षाला ४० डॉलरला, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आसपास देण्याचे करार जाहीर झाले. ते करणाऱ्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या हैदराबादच्या आहेत. मूळ कंपनीने २०२४ मध्ये परवाना दिलेल्या सहा उत्पादकांत पुण्याची एम्क्युअरही आहे. किंमत ही निसर्गाने ठरवलेली नसते. ती मक्तेदारीने ठरते आणि मक्तेदारी मोडली की उतरते. २००१ मध्ये हेच घडले होते. शहापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. भातसा, तानसा, वैतरणा आमच्या तालुक्यात आहेत, त्यांचे पाणी मुंबईच्या नळाला जाते, आणि उन्हाळ्यात आमचे पाडे टँकरची वाट पाहतात. औषध आपल्या देशात, आपल्या राज्यात बनेल, जगाला जाईल आणि आमच्या पाड्यावर तेवढे पोचणार नाही, असे होऊ द्यायचे की नाही, हा प्रश्न आहे.

८

तेव्हा मागणी नेमकी करू या. एक : ही सुई राष्ट्रीय कार्यक्रमात घ्यावी, सरकारने घाऊक खरेदी करावी आणि ती तालुक्याच्या पातळीवर मिळावी. भट्टीवर गेलेल्या माणसाला त्याच कार्डावर भिवंडीतही ती टोचून घेता यावी. दोन : कार्यक्रमात येईपर्यंत विमायोजनेने डायलिसिसप्रमाणे तिचा खर्च सोसावा, पण टेबलावर आजाराचे नाव नव्हे, सांकेतिक क्रमांक पुरेसा धरावा. 'एम.एक्स.'ला न्यायालयाने दिले तेवढे विमा कार्यालयाने द्यायला हरकत नाही. तीन : चौदाव्या कलमातला 'शक्यतो' काढून टाकावा. चार, आणि ही मागणी शासनाकडे नाही, आपल्याकडे आहे : बुद्धविहारात, मंडळात, लग्नाच्या पंगतीत या आजाराच्या माणसाचे ताट वेगळे वाढले जाणार नाही, असे आपण ठरवावे. जोवर हे ठरत नाही तोवर डबी वाजतच राहणार आणि सुई ही फक्त आपल्या भित्रेपणावरची मलमपट्टी ठरेल. तरीही मी सुई मागतो, कारण आपण सुधारण्याची वाट पाहत त्या सुनेने मरावे, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

तो निबंध आता माझ्याकडे नाही. गठ्ठे रद्दीत गेले. तो लिहिणारा विद्यार्थी की विद्यार्थिनी, हे मला नक्की आठवत नाही आणि आठवण्याचा प्रयत्नही मी करत नाही. निबंधातले घर त्याचे स्वतःचे होते की शेजारचे, हे विचारण्याचा मला हक्क नाही. शेरा पुसता येत नाही, पण विषय बदलता येतो. यंदाच्या स्पर्धेसाठी सूचनाफलकावर मी विषय लावला आहे : 'औषध ठेवायचे कुठे?' खाली एक ओळ जोडली आहे, की निबंधावर कुणीही आपले नाव लिहू नये.